कंपनीच्या पाईपातलं ओलीत

त्या वर्षी पुंडलिकरावाच्या रस्त्यापल्याडच्या वावरात पाणी पोचलं. डांबरी रस्त्याच्या पोटाखालून, पवनचक्कीवाल्या कंपनीच्या पाईपातून पोचलं, आणि मान टाकलेली वांगी उठून उभी राहिली. कारंज्याच्या बाजारात बायांनी ती निवडून निवडून नेली.

आता हे विसरायचं. असं काही झालेलं नाही. कंपनी म्हणते झालं नाही, ठेकेदार म्हणतो झालं नाही, आणि रस्त्याचं खातं तर म्हणतं की असं होऊच शकत नाही. एवढी शिकलेली माणसं एका बाजूला आणि वांगी एका बाजूला. वांग्यांचं कोण ऐकतो? तेव्हा आपणही काही झालं नाही असं धरून चालू, आणि जे झालं नाही ते पहिल्यापासून सांगू.

पुंडलिकरावाचं वावर मुळात एकच होतं. त्याच्या बापाच्या काळात टेकडीकडे जाणारा रस्ता त्यातून गेला आणि एकाची दोन झाली. विहीर अल्याड राहिली, चांगली काळी जमीन पल्याड. रस्ता टेकडीवर जाऊन संपायचा. टेकडीवर तेव्हा काहीच नव्हतं. पण सरकारला कधीकधी काहीच नसलेल्या ठिकाणी लवकर पोचायचं असतं.

रस्त्याखालून पाईप न्यायची परवानगी मागायला पुंडलिकराव कितीदा गेला असेल, याचा हिशेब त्याच्या चपलांना विचारावा.

"रस्ता फोडता येत नाई," हाफिसातला बाबू म्हणायचा.

"मंग वरून टाकतो."

"वरून टाकसान त ट्रॅफिकले अडथळा."

"बाबूजी, दिवसभरात दोन बैलबंड्या जाते तिथून. त्यातली एक माहीच हाय."

"ट्रॅफिक म्हनजे ट्रॅफिक."

तरी एकदा त्यानं पाईप वरून टाकला. दुपारपर्यंत एका ट्रॅक्टरनं तो चपटा केला. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, पाईपाकडे पाहिलं, पुंडलिकरावाला शिव्या दिल्या आणि निघून गेला. तेव्हापासून पल्याड फक्त तूर. ती बिचारी पाणी मागत नाही.

मग दोन हजार सहा साली पाऊस जाता जाता दोनदा परत फिरला आणि पुंडलिकरावाच्या डोक्यात वारं शिरलं. पल्याड वांगी लावायची.

"पानी कोन देईन?" त्याची बायको गोपिका म्हणाली.

"ओल हाय ना."

"ओल दिवाळीलोक हाय. वांगे काय दिवाळी पाहून मरते?"

"तू बोलूनच अपशकुन करतं."

गोपिका रोपं टोचायला लागली. ओल दिवाळीपर्यंत टिकली. त्यानंतर पाणी गोपिकेच्या डोक्यावरून जायला लागलं. विहिरीवर पितळी गुंड भरायचा, चुंबळीवर ठेवायचा, रस्ता ओलांडायचा, एकेका झाडाच्या बुडाशी ओतायचा आणि परत यायचं. मागे मुलगी शालू, तिच्या डोक्यावर प्लास्टिकचा हंडा. शालू बारावी झालेली होती आणि त्याचा तिला राग होता, कारण शिक्षणानं तिला फक्त एवढंच समजलं होतं की आपण करतोय ते मूर्खपणाचं आहे. ते तिच्या आईला न शिकता समजत होतं.

गोपिकेची मान आखडली. रात्री कूस बदलायची तर ती आधी हातानं डोकं धरून फिरवायची आणि मग बाकीचं अंग.

अशात टेकडीवर पंखे उभे राहिले. पांढरे, तीन पात्यांचे, गावातल्या कोणत्याही झाडापेक्षा आणि कोणत्याही माणसाच्या लायकीपेक्षा उंच. त्यांची वीज तारांवरून गावाच्या डोक्यावरून जायची. गावात भारनियमन. पुंडलिकरावाची मोटर बंद असायची, आणि बंद मोटरीपाशी बसून फिरणारे पंखे बघायला मनाई नव्हती.

एक दिवस भूपेंद्र मोटारसायकलवर आला. कारंज्यातल्या किराणा दुकानदाराचा हा पोरगा. कालपर्यंत साबूदाणा तोलत होता, आज खोदकामाचा ठेकेदार झाला होता. तोलायची सवय मात्र तीच, बोट काट्यावर.

"काका, तुमच्या धुऱ्यानं नाली खोदाची हाय. पाईप टाकू आन बुजवून देऊ."

"पाईप? पान्याचा?"

"पान्याचा कायले? केबलचा. पहिले खाली पाईप टाकाचा, मंग त्याच्यातून केबल फुकाची. हवेनं. ओएफसी."

"ते काय असते?"

"काचेचा धागा, काका. केसावानी बारीक. त्यातून डाटा जाते."

"कायचा डाटा?"

"पंखा फिरून राह्यला का नाई, किती फिरून राह्यला, वारा किती हाय. सब खाली कंट्रोल रूमले जाईन, तिथून पुन्याले."

पुंडलिकरावानं टेकडीकडे पाहिलं.

"फिरून राह्यला," तो म्हणाला.

"मले दिसते ना काका. पुन्याले नाई दिसत."

"मंग फोन कर त्याईले."

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तानबा बसला होता. तानबा शेजारचा वावरवाला. त्याच्या स्वतःच्या वावरात काम निघालं की तो पुंडलिकरावाच्या धुऱ्यावर येऊन बसायचा. तो म्हणाला, "मी सांगत जाईन ना भाऊ. मी त बसूनच राह्यतो इथं. काच कायले खराब करता?"

भूपेंद्र हसला नाही. ठेकेदार झाल्यापासून त्यानं ते बंद केलं होतं. "आन काका, पल्याडचं पडीकच हाय ना? देऊन टाका कंपनीले. केबलचे ड्रम ठेवू."

"पडीक?" पुंडलिकराव म्हणाला. "वांगे हाय तिथं."

भूपेंद्रनं पल्याड पाहिलं. वांगी होती, पण त्यांच्याकडे पाहून आहेत असं म्हणायला माणूस दयाळू लागतो.

"हे होळीपावतर उभे राह्यले त मी ड्रमाचं नाव काढनार नाई," भूपेंद्र म्हणाला. "नाई त काका, पडीकले पडीक म्हनाले काऊन लाजता?"

हा शब्द पुंडलिकरावाला झोंबला. पडीक म्हणजे ज्याचा धनी मेला किंवा मुंबईला गेला. तो दोन्हीपैकी काही नव्हता.

नाली खोदणारे आले. रस्त्यापाशी आल्यावर आता हे अडणार म्हणून पुंडलिकराव तंबाखू मळत उभा राहिला. अडले नाहीत. एक यंत्र आलं, त्यानं अल्याड खड्ड्यात सोंड घातली, घर्रघर्र केलं आणि पल्याड बाहेर काढली. वर रस्त्याला साधा चरा पडला नाही. ज्या रस्त्याखालून इतकी वर्षं पाणी जाऊ शकत नव्हतं, त्याच्याखालून चहा थंड व्हायच्या आत पाईप गेला.

पुंडलिकराव भूपेंद्रजवळ गेला. आवाज त्यानं बाजारात उधारी मागतो तसा खाली घेतला.

"बाबू, भोक पडलंच हाय. त्याच्यातच माहा एक पाईप सरकू दे ना. मी आनतो पाईप."

"परमिशन नाई ना काका."

"तुमाले कशी भेटली?"

"आमची डाटाची हाय. पान्याची वेगळी लागते."

मजूर हसले. पुंडलिकरावही हसला. असं हसणं आलं की तो घरी जाऊन जेवत नसे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे चौकोनी हौद बांधले, त्यावर झाकणं. एक विहिरीजवळ, एक वांग्यांजवळ. आत भगव्या पाईपाची तोंडं, त्यांवर टोप्या. मग लोक सामान उचलून गेले. केबल यायची होती. ती येईपर्यंत पाईपात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्याची राखण करायला माणूस हवा होता. तो पुंडलिकरावाच्या घरातच मिळाला.

किशोर, शालूचा मोठा भाऊ. बारावीला दोनदा बसला आणि दोनदा उठला. त्याला कंपनीनं पिवळं हेल्मेट, शिटी आणि सिक्युरिटी लिहिलेला शर्ट दिला. तो हेल्मेट घालून जेवायचा.

"काढ ना ते," गोपिका म्हणायची. "घरात काय पडून राह्यलं तुह्या डोक्सावर?"

"सेफ्टी हाय, आई."

"तुह्या डोक्सात हाय काय सेफ्टी कराले?" शालू विचारायची.

किशोर विहिरीजवळच्या हौदावर बसून राहायचा. त्याच्यासमोरून आई आणि बहीण पाणी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायच्या. एकदा कंपनीची जीप आली. गोपिका गुंडासकट बाजूला झाली, पाय घसरला, बाई वाचली आणि पाणी गेलं. जीप थांबली. ड्रायव्हरनं काच खाली केली. "बाई, रस्त्यावर पाणी सांडू नका, गाडी घसरते." काच वर गेली. किशोरनं उठून जीपला सलाम ठोकला होता. तो हात खाली घ्यायला विसरला.

गोपिका उठली. तिनं पदर पिळला, ते चार थेंब एका वांग्याच्या बुडाशी पाडले आणि रिकामा गुंड घेऊन विहिरीवर गेली.

त्याच दिवशी दुपारी किशोर भाकर खायला घरी गेला असताना गोपिका पल्याडच्या हौदाच्या सावलीला बसली. झाकण सरकलेलं होतं. टोपी कोणीतरी आधीच पळवली होती. आमच्या गावात टोपी एकाच जागी फार दिवस राहत नाही. पाईपाच्या भोकातून तिला खोकला ऐकू आला. तो शालूचा होता. शालू अल्याडच्या हौदात डोकावून, पाईपाची टोपी काढून, हे काय आहे ते पाहत होती.

गोपिकेनं भोकाला तोंड लावलं. "शालू!"

पलीकडे किंकाळी.

"वरडतं कायले, भवाने? गुंड घेऊन ये इकडं."

त्या पाईपातून गेलेला हा पहिला डाटा. पुण्याला तो पोचला नाही, पण शालूला नीट पोचला. ती पळत रस्ता ओलांडून आली आणि धापा टाकत म्हणाली, "आई, तुहा आवाज कानातच आला."

गोपिका पाईपाकडे पाहत होती. तिनं भोकात हात घालून पाहिला. मग ती म्हणाली, "आवाज येते, त पानी काऊन नाई येनार?"

पुंडलिकरावाला हे सांगितलं तेव्हा तो आधी रागावला, कारण त्याला सुचलं नव्हतं. मग त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. मोटरीचा रबरी पाईप आणि कंपनीचा भगवा पाईप तोंडाला तोंड लावून त्यानं पट्ट्यांनी असा आवळला की दोघांचा जन्म एका कारखान्यात झाला असं वाटावं. सकाळी लाईन आली. मोटर घरघरली. गोपिका पल्याड उभी. पहिले हवा आली, मग माती आली, मग एक बेडूक आला, इकडेतिकडे पाहिलं आणि उडी मारून गेला. त्यामागे पाणी.

गोपिका फावडं घेऊन दांडात उतरली. वाफ्यावर वाफा भरत गेली. पाणी तिच्या घोट्यांवरून जात होतं आणि तिनं डोक्याला हात लावून पाहिला, जसं काही गुंड तिथेच राहून गेला असेल. शालू धुऱ्यावर बसून हसायला लागली.

"हासू नको," गोपिका म्हणाली. "लाईन जाईन." आणि हसली.

किशोर जेवून आला, हौदाचं झाकण उघडं पाहिलं, आत हात घातला. पाईप थंडगार.

"बाबा! हे कंपनीचं हाय!"

"पाईप कंपनीचा हाय. पानी माहं हाय."

"हे सेक्युरिटीचं उल्लंघन हाय! मी रिपोर्ट करीन!"

"कर."

संध्याकाळी जेवायला वांग्याची भाजी होती. गुंडाच्या पाण्यावर धरलेली पल्याडची पहिली चार, कोवळी. किशोरनं हेल्मेट काढलं नाही. गोपिकेनं त्याच्या ताटात भाजी वाढली आणि ताटावर हात ठेवून बसली.

"रिपोर्ट करशीन?"

किशोरनं भाजीकडे पाहिलं. "मले काय समजलं नाई म्हनून सांगीन," तो म्हणाला. हे लोकांना पटलं असतं.

तेव्हापासून व्यवस्था ठरली. मोटर चालू असताना किशोर रस्त्यावर उभा राहायचा. टेकडीकडून जीप दिसली की शिटी. शिटी वाजली की पुंडलिकरावानं मोटर बंद करायची, झाकण लोटायचं, सगळ्यांनी हौदापासून दूर व्हायचं आणि गरीब दिसायचं. शेवटचं सोपं होतं. जीपमधले लोक किशोरची दक्षता पाहून खूश झाले. त्याला शर्टावर लावायला एक बिल्ला मिळाला.

वांगी चढली. जांभळी, चकचकीत, हाताला गार. भूपेंद्र एकदा थांबला, पल्याड पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, आणि मोटारसायकलला किक मारली. पुंडलिकराव मागून ओरडला, "पडीक हाय वो, बाबू! पडीक!"

इथं माणसानं थांबायचं असतं. पण पुंडलिकराव भाजीपालावाला. ओलिताचं पाणी हातात आलं की आमच्याकडे त्यात शेणकाला सोडल्याशिवाय चैन पडत नाही. टाकीत शेण, गोमूत्र, सडका गूळ कालवून चार दिवस ठेवायचं, आणि दांडाच्या तोंडाशी पाण्यात थोडंथोडं सोडायचं. पाण्याबरोबर ते झाडाझाडाला जातं. त्याच्या बापानं केलं, आज्यानं केलं. त्यांच्या दांडाला झाकण नव्हतं, एवढाच फरक.

होळीच्या आधी त्यानं हौदात बसून, तळ काढलेला डबा पाईपाच्या जोडात खुपसून, शेणकाला ओतायला सुरुवात केली.

"यातून जाईन का हे?" गोपिकेनं विचारलं. "काडी-कचरा हाय."

"पानी गेलं, शेन काऊन नाई जानार? तूच त म्हने."

निम्मी टाकी गेली आणि लाईन गेली. भारनियमन असतं तर संध्याकाळी आली असती. पण गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, जळली होती. पाईप रस्त्याखाली मधोमध झोळीसारखा खाली गेलेला होता. त्या झोळीत शेणकाला बसला. दोन्ही तोंडांना हौदात उन्हाची धग लागत होती. तो आत निवांत आंबत राहिला.

डीपी बदलली नाही. केबल मात्र आली. ती येतेय कळताच पुंडलिकरावानं मोटरीचा पाईप सोडवून घेतला, पण मधल्या शेणकाल्यापर्यंत हात पोचत नव्हता.

जिला वेटोळं घालायला पुरुषभर उंचीचा लाकडी ड्रम लागतो अशी काळी केबल. एक कॉम्प्रेसर. पुण्याहून साहेब, पांढरा शर्ट, गळ्यात टाय. चैत्र लागायला आला होता आणि त्या टायकडे पाहूनच तानबाला घाम फुटला. ड्रमाला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. खोबरं पहिलं साहेबांना, मग भूपेंद्रला, मग मजुरांना. ज्याच्या धुऱ्यावर फोडला त्याच्यापर्यंत येता येता करवंटी राहिली.

कॉम्प्रेसर अल्याड, विहिरीजवळ. साहेब पल्याड, वांग्यांजवळच्या हौदाशी. आधी हवेनं स्पंजाचा गोळा पाठवून पाईप साफ करायचा, मग केबल. गोळा स्वतः पाहायचा होता साहेबांना.

गोपिकेनं किशोरला कोपऱ्यात ओढलं. "सांग त्याईले, बाजूले उभे राहा म्हना."

"मी साहेबाले सांगू? मी सेक्युरिटी हाय."

"मंग तेच त काम हाय तुहं!"

किशोरला घाम आला. हेल्मेटाखालून नाकावर उतरला. त्याला जे एकच येत होतं ते त्यानं केलं. जोरात शिटी फुंकली.

पुंडलिकराव, गोपिका आणि शालू एकदम मागे सरले आणि सवयीनं गरीब दिसायला लागले. साहेबांना वाटलं शिटी त्यांच्या सन्मानार्थ आहे. त्यांनी मान डोलावली आणि गोळा कुठवर आला हे पाहायला हौदात वाकले. शेजारी भूपेंद्रही वाकला. साहेब वाकल्यावर ठेकेदाराला ताठ उभं राहता येत नाही.

पाईपातून गुरगुर आली. म्हैस विण्याआधी करते तशी. साहेब म्हणाले, "आला."

आला. आधी वास आला, मग बाकीचं. पंधरवडा मुरलेला शेणकाला हौदातून उठला, साहेबांच्या तोंडावर बसला, टायवरून खाली उतरला आणि उरलेला भूपेंद्रला मिळाला. सगळ्यात शेवटी स्पंजाचा गोळा आला. तो हिरवा झाला होता. साहेबांच्या कपाळाला लागून तो वांग्यात जाऊन पडला.

टेकडीवर पंखे फिरत होते.

"डाटा आला वाटते," तानबा म्हणाला.

साहेबांना धुवायचं होतं. मोटर बंद, डीपी जळलेली. गोपिका आणि शालूनं गुंड भरले, रस्ता ओलांडला आणि साहेबांवर ओतले. साहेब डोळे मिटून म्हणत राहिले, "आणखी एक." पुन्हा विहीर, पुन्हा रस्ता. साहेबांवरून उतरलेलं पाणी वाफ्यात शिरलं. त्या दिवशी वांग्याच्या दोन ओळी साहेबांवरून भिजल्या. खतासकट.

पुंडलिकराव पुढे आला. "साहेब, पोराचा दोष नाई. पानी मी नेलं पाईपातून. शेनकालाही मीच सोडला."

"कसलं पाणी?" साहेबांनी कानातून काडी काढत विचारलं.

भूपेंद्र धावला. "चूप बसा ना काका!"

"या पाईपातून पाणी कसं जाईल?" साहेब म्हणाले. "यात केबल आहे. डिसेंबरातच पडली. पूर्णत्वाचा अहवाल मी स्वतः पाठवलाय."

पुंडलिकरावानं ड्रमाकडे पाहिलं. "मंग हे केबल?"

"ही दुसरी."

"आन शेन?"

साहेबांनी थोडा विचार केला. शिकलेला माणूस विचार करतो तेव्हा दिसतं. "जमिनीतला ओलावा," ते म्हणाले.

असं ते झालं नाही. भूपेंद्रनं डिसेंबरातच काम झालं म्हणून पैसे उचलले होते, साहेबांनी डिसेंबरातच झालं म्हणून वर कळवलं होतं. पाणी गेलं म्हणायचं तर पाईप रिकामा होता म्हणावं लागणार. तेव्हा सगळ्यांना शहाणपण सुचलं. पाईप आतून धुतला, केबल फुंकली, हौदांना कुलपं घातली. किशोरची नोकरी राहिली. न झालेल्या गोष्टीसाठी माणसाला काढता येत नाही. तो त्याच हौदावर बसतो. आता आत खरंच काहीतरी आहे, त्यामुळे त्याला जास्त कंटाळा येतो.

तानबानं समजूत घातली. "सुटला ना भाऊ तू. केस नाई, दंड नाई."

"सुटलो?" पुंडलिकराव म्हणाला. "अरे, मी पानी नेलं असं कंपनीवाले म्हनले असते त कागदावर आलं असतं ना, का रस्त्याखालून पानी जाते! रस्ता खचत नाई, ट्रॅफिक मरत नाई. मंग बाबू कसा नाई म्हनला असता मले?"

इतकं तानबाला धुऱ्यावर कधी सुचलं नव्हतं.

पुंडलिकराव धुतलेलं धोतर नेसून ठाण्यात गेला. जमादारानं विचारलं, "तक्रार कोनाची?"

"माही."

"कोनावर?"

"माह्यावर. कंपनीच्या पाईपातून पानी नेलं मी."

जमादारानं कंपनीला फोन लावला, ऐकलं, ठेवला. "कंपनी म्हनते चोरी झालीच नाई."

"म्या केली ना साहेब."

"चोरीच नाई त चोर कायले लागते? घरी जा काका. ऊन हाय."

तिथून तो रस्त्याच्या हाफिसात गेला. बाबू म्हणाला, रस्त्याखालून पाणी नेता येत नाही. पुंडलिकराव म्हणाला, नेलं ना मी. बाबू म्हणाला, मग आता काय पाहिजे? पुंडलिकरावानं चपला घातल्या. तो तसाच उन्हात परत आला.

चैत्रात वारा पडला. पंखे थांबले. काचेच्या धाग्यातून खाली कंट्रोल रूमला आणि तिथून पुण्याला कळलं की पंखे थांबले आहेत. तानबा दोन दिवस आधीपासून सांगत होता.

गोपिकेच्या डोक्यावर पुन्हा गुंड आला. वांगी रोज थोडी थोडी मरत होती, खालच्या पानापासून. एका सकाळी पल्याडच्या धुऱ्याला ट्रक लागला आणि त्यातून रिकामे ड्रम गडगडत खाली आले. ते वावरात नव्हते, धुऱ्यावर होते. फक्त टेकून. भूपेंद्र म्हणाला, "राहू द्या काका काही दिवस. तुमचे वांगे त आता..." आणि त्यानं वाक्य पूर्ण केलं नाही. साबूदाणाही तो असाच थोडा कमी घालायचा.

पुंडलिकरावानं ड्रमाला लाथ मारली. पाय त्याचाच दुखला. मग तो लंगडत घरी आला आणि शालूला म्हणाला, "वही आन. लिही. चांगल्या भाषेत लिही, मले समजली नाई तरी चालीन."

शालूनं लिहिलं.

प्रति, मा. महोदय, हा विषय ज्यांच्याकडे येतो ते.

विषय : अर्जदारावर गुन्हा दाखल करणेबाबत.

महोदय, मी खाली सही करणार पुंडलिकराव, धंदा भाजीपाला, विनंतीपूर्वक कळवितो की पौष ते फाल्गुन या काळात मी पवनचक्की कंपनीच्या रिकाम्या पाईपमधून शासकीय रस्त्याखालून माझ्या वावरात पाणी नेले. त्यामुळे रस्त्यास काही झाले नाही, रहदारीस काही झाले नाही व वांग्यास फायदा झाला. सदर गुन्ह्याची कोणीही दखल घेत नसल्याने अर्जदारावर अन्याय होत आहे. साक्षीदार म्हणून पत्नी गोपिका, मुलगी शालू, धुऱ्यावरचा तानबा व पुण्याचे साहेब यांची टाय हजर करता येईल. माझे वावर पडीक नाही, याचीही नोंद व्हावी.

तरी माझ्यावर रीतसर गुन्हा दाखल करून मला दोषी ठरविण्यात यावे, आणि मी चोरून नेलेले सर्व पाणी जप्त करून, ज्या मार्गाने नेले त्याच मार्गाने, सकाळी लाईन असताना, रस्त्यापलीकडील माझ्या वावरात परत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.